कमरेवरचं स्वादुपिंड

टाइप १ मधुमेह असलेल्या लहान मुलाच्या घरात रात्रीची झोप सलग नसते. आई किंवा बाबा मध्येच उठतात, झोपलेल्या मुलाचं बोट टोचून शुगर बघतात. ती उतरली असेल तर अर्धवट झोपेतल्या मुलाला साखरेचं पाणी पाजतात. चढली असेल तर इन्सुलिन आत्ता द्यायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे त्याच घटकेला ठरवावं लागतं. हिशेब चुकून इन्सुलिन जास्त झालं तर मुलाला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. सतत कमी पडलं तर डोळे आणि मूत्रपिंडं हळूहळू खराब होतात. निरोगी शरीरात हेच काम स्वादुपिंडातल्या काही पेशी कुणाच्याही नकळत करत असतात. त्या पेशींचं काम अंगावर बाळगता येईल अशा यंत्राला शिकवण्याची खटपट गेली साठ वर्षं चालू आहे. पंप बनवणं अवघड होतं, सेन्सर बनवणं त्याहून अवघड होतं. पण या साऱ्या प्रवासात सर्वांत चिवट ठरलेली अडचण वेळेची आहे, आणि ती आजही पुरती सुटलेली नाही.

१८६९ मध्ये बर्लिनमधल्या पॉल लँगरहान्स या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी स्वादुपिंडाचा अभ्यास करताना त्यात पेशींचे वेगळे दिसणारे छोटे पुंजके पाहिले. ते काय करतात हे त्याला सांगता आलं नाही. आज आपण त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतो. या बेटांतल्या बीटा पेशी रक्तातलं ग्लुकोज मोजतात आणि त्याच पेशी इन्सुलिन सोडतात. मोजणारा, ठरवणारा आणि देणारा असे तिघेही एकाच पेशीत आहेत. शिवाय हे इन्सुलिन थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतं. त्यातलं जवळजवळ निम्मं यकृतच वापरून टाकतं, आणि उरलेलंही रक्तात काही मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही. म्हणून निरोगी शरीराला चूक परवडते. जरा जास्त इन्सुलिन सुटलं तर पुढच्या काही मिनिटांत ते संपतं आणि पेशी हात आखडता घेतात.

टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच या बीटा पेशी नष्ट करते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. तो अर्क अशुद्ध होता, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिला आणि त्याची शुगर उतरली. त्याआधी या आजाराच्या मुलांना जवळपास उपाशी ठेवून काही महिने जगवणं एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. शोध लावणाऱ्यांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एक डॉलरला देऊन टाकलं. वैद्यकाच्या इतिहासातल्या थोर घटनांमध्ये मी ही फार वर धरतो.

मात्र इंजेक्शनने इन्सुलिन आलं, त्याची वेळ आली नाही. त्वचेखाली टोचलेलं इन्सुलिन यकृताच्या शिरेत जात नाही. ते चरबीच्या थरात साचतं आणि तिथून सावकाश रक्तात झिरपतं. आजचं जलद इन्सुलिनसुद्धा काम सुरू करायला दहा-पंधरा मिनिटं घेतं, त्याचा जोर तास-दीड तासाने शिगेला पोहोचतो आणि असर तीन ते पाच तास राहतो. एकदा टोचलं की ते परत काढून घेता येत नाही. बीटा पेशी जे घडलं त्याला उत्तर देते. बाहेरून इन्सुलिन देणाऱ्याला पुढच्या तीन तासांत काय घडणार याचा अंदाज आधी बांधावा लागतो.

हा अंदाज किती महत्त्वाचा आहे, ते १९९३ मध्ये आकड्यांनिशी सिद्ध झालं. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या डीसीसीटी या अभ्यासाने दाखवलं की शुगर काटेकोरपणे ताब्यात ठेवली तर डोळ्याच्या पडद्याचा विकार नव्याने होण्याची शक्यता ७६ टक्क्यांनी घटते. मूत्रपिंड आणि मज्जातंतूंनाही असाच फायदा दिसला. पण त्याच अभ्यासात काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये शुगर धोकादायकरीत्या कोसळण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. डोळे वाचवायचे तर रात्री बेशुद्ध पडण्याची भीती पत्करायची, असा तो पेच होता. माणसाच्या हाताने आणि बोट टोचून मिळणाऱ्या चार-पाच आकड्यांनी तो सुटणं शक्य नव्हतं.

यंत्राचा विचार त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमधले डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी रक्तातलं ग्लुकोज मोजून इन्सुलिन देणारं यंत्र बनवलं. ते पाठीवर बांधायचं असे आणि आकाराने गिर्यारोहकाच्या पिशवीएवढं होतं. १९७० च्या दशकात आलेलं बायोस्टेटर तर रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहणारं कपाटच होतं. ते शिरेतून सतत थोडं थोडं रक्त ओढून घ्यायचं, ग्लुकोज मोजायचं आणि शिरेतूनच इन्सुलिन किंवा ग्लुकोज द्यायचं. रुग्णालयात, काही तासांच्या प्रयोगासाठी ते छान चालत असे. शिरेतून मोजायचं आणि शिरेतूनच द्यायचं असल्याने त्याला उशिराची अडचण फारशी नव्हती. ते घरी नेता येत नव्हतं, एवढीच अडचण होती. यंत्र अंगावर घ्यायचं म्हणजे शीर सोडून त्वचेखाली यायचं, आणि त्वचेखाली आलं की उशीर आलाच.

१९७० च्या दशकातच अमेरिकेत डीन केमन या तरुण संशोधकाने अंगावर बाळगता येईल असा, सिरिंज आपोआप हळूहळू दाबणारा पंप तयार केला. १९७८ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले जॉन पिकअप, हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या पंपाने त्वचेखाली सतत इन्सुलिन देऊन शुगर चांगली राखता येते, हे दाखवून दिलं. आजच्या प्रत्येक इन्सुलिन पंपाचं मूळ तिथे आहे.

इथे मूळ रस्ता सोडून थोडं बाजूला जायला हवं, कारण त्याच वर्षी अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून हार्मोनविषयी एक मूलभूत गोष्ट दाखवली. मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचा हार्मोन सोडतो आणि त्याच्या इशाऱ्यावर पाळीचं चक्र चालतं. हा हार्मोन तासाला एक झटका या लयीने दिला तर पीयूषिका ग्रंथी काम करते. तोच हार्मोन अखंड धारेने दिला तर ग्रंथी गप्प होते. पदार्थ तोच, पण लय बदलली की परिणाम उलटा. हे कळल्यावर जर्मनीत गेरहार्ड लायेंडेकर यांनी १९८० मध्ये दर ९० मिनिटांनी ठरावीक मात्रा सोडणारा छोटा पंप वापरून, हायपोथॅलॅमसच्या बिघाडामुळे पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये बीजनिर्मिती पुन्हा सुरू करून दाखवली. अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांतही हीच कथा. निरोगी शरीरात या ग्रंथींतून येणारं कॉर्टिसॉल पहाटे चढतं आणि रात्री उतरतं. गोळ्यांनी हा चढउतार नीट साधत नाही, म्हणून काही रुग्णांमध्ये पंपाने हायड्रोकॉर्टिसोन देऊन तो साधण्याचे प्रयोग झाले आहेत. हे पंप घड्याळावर चालतात. आतली स्थिती मोजून त्यांना काही ठरवावं लागत नाही. इन्सुलिनला मात्र घड्याळ पुरत नाही, कारण जेवण, धावणं, ताप, परीक्षेची भीती, सगळ्यांनी त्याची गरज बदलते.

म्हणून पंपाला डोळे हवे होते. ते सेन्सरने दिले. १९९९ मध्ये सलग ग्लुकोज मोजणाऱ्या पहिल्या यंत्राला अमेरिकेत मान्यता मिळाली, पण त्याचे आकडे डॉक्टर नंतर बघत असत. रुग्णाला त्या क्षणी आकडा दाखवणारे सेन्सर पुढच्या काही वर्षांत आले. केसासारखी बारीक तार त्वचेखाली राहते. तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर असतं. ग्लुकोजशी त्याची क्रिया होऊन जो सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, तो मोजून बहुतेक सेन्सर दर पाच मिनिटांनी एक आकडा देतात. दिवसाला २८८ आकडे. पण हा सेन्सर रक्त मोजत नाही, पेशींमधला द्रव मोजतो. त्या द्रवातली शुगर रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असते. झोपेत सेन्सर असलेल्या बाजूवर दाब पडला तर तो खोटीच कमी शुगर दाखवतो. पॅरासिटामॉल घेतल्यावर काही सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त शुगर दाखवतात. म्हणजे मोजण्यात उशीर, देण्यात त्याहून मोठा उशीर, आणि मधूनमधून खोटी बातमी. अशा परिस्थितीत निर्णय घ्यायचा असतो.

हा निर्णय अल्गोरिदम घेतो. तो फक्त आत्ताचा आकडा बघत नाही. शुगर कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चालली आहे हे बघतो, आणि मुख्य म्हणजे आधी दिलेल्या इन्सुलिनपैकी किती अजून शरीरात काम करायचं बाकी आहे, याचा हिशेब ठेवतो. पंप वापरणारे याला ‘इन्सुलिन ऑन बोर्ड’ म्हणतात. माणूस घाबरला की नेमका हाच हिशेब विसरतो. शुगर ३०० दिसली, इन्सुलिन घेतलं. अर्ध्या तासाने बघितलं तर अजून २९०, म्हणून पुन्हा घेतलं. दोन तासांनी दोन्ही डोस एकदम जोरात येतात आणि शुगर कोसळते. यंत्र घाबरत नाही. काही अल्गोरिदम अर्धा तास पुढची शुगर किती असेल याचं भाकीत करतात आणि त्यानुसार धार वाढवतात, कमी करतात किंवा थांबवतात. हे फेरफार अतिशय बारीक असतात. अनेक पंप ०.०२५ युनिटच्या टप्प्याने इन्सुलिन देऊ शकतात, म्हणजे साधारण एका थेंबाचा दोनशेवा भाग.

असा अल्गोरिदम माणसावर लावण्याआधी तपासायचा कसा? पूर्वी कुत्र्यांवर प्रयोग करावे लागत. व्हर्जिनिया विद्यापीठातले बोरिस कोवाचेव्ह आणि इटलीतल्या पादोव्हा विद्यापीठातले क्लाउडिओ कोबेली यांच्या गटांनी संगणकात ३०० काल्पनिक रुग्ण उभे केले. त्यात १०० प्रौढ, १०० किशोरवयीन आणि १०० लहान मुलं होती, आणि प्रत्येकाचं शरीर वेगळं वागत होतं. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, प्राण्यांवरच्या प्रयोगांऐवजी ही चाचणी मान्य केली. या क्षेत्रातली गती त्यानंतर एकदम वाढली. माझ्या दृष्टीने एखाद्या नव्या पंपापेक्षा हा शोध मोठा आहे, पण तो कुणाच्या कमरेवर दिसत नाही म्हणून त्याची चर्चा कमी होते.

तरीही कंपन्या आणि नियामक सावकाश चालले होते, आणि घरात बसलेल्यांना थांबणं शक्य नव्हतं. २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक या अभियंत्याने आपल्या चार वर्षांच्या मधुमेही मुलाच्या सेन्सरचे आकडे इंटरनेटवरून ऑफिसात बसून बघता येतील अशी सोय स्वतःच लिहिली. त्यातून ‘नाइटस्काउट’ हा प्रकल्प उभा राहिला. सिअ‍ॅटलमध्ये डेना लुइस या तरुणीला वेगळीच भीती होती. तिला गाढ झोप लागायची आणि रात्री शुगर उतरल्यावर सेन्सरचा गजर ऐकू यायचा नाही. स्कॉट लीब्रँड यांच्याबरोबर तिने आधी गजर मोठा केला, मग आकड्यांवरून सल्ला देणारा प्रोग्राम लिहिला आणि शेवटी छोट्या संगणकाला जुन्या पंपाशी जोडून तो सल्ला आपोआप अमलात आणला. २०१५ मध्ये त्यांनी ही सगळी रचना ‘ओपनएपीएस’ या नावाने सर्वांसाठी फुकट खुली केली. जगभरच्या रुग्णांनी आणि पालकांनी ती वापरली, सुधारली. डॉक्टरांना काळजी वाटली, आणि तीही रास्त होती, कारण या यंत्राची जबाबदारी कुणाकडेच नव्हती. पुढे न्यूझीलंडमध्ये अशाच खुल्या प्रणालीची रीतसर चाचणी झाली आणि २०२२ मध्ये तिचे निकाल आले. शुगर योग्य पट्ट्यात राहण्याचा काळ साध्या पंपापेक्षा दिवसाला तीन तासांहून जास्त होता. रुग्णांनी स्वतःसाठी केलेलं काम विज्ञानाच्या कसोटीला उतरलं.

कंपनीने बनवलेली पहिली अशी प्रणाली, मेडट्रॉनिकची ६७०जी, २०१६ च्या सप्टेंबरात अमेरिकेत मान्य झाली. ती पहिली होती, पण सोपी नव्हती. वारंवार गजर, वारंवार बोट टोचून खात्री करणं, यांना कंटाळून अनेकांनी तिचा स्वयंचलित भाग काही महिन्यांत बंद केला. त्यानंतरच्या पिढ्या शहाण्या झाल्या. टँडमची कंट्रोल-आयक्यू २०१९ मध्ये आली. तिच्या चाचणीत १६८ जण होते. सहा महिन्यांत ही प्रणाली वापरणाऱ्यांची शुगर ७० ते १८० या पट्ट्यात राहण्याचा काळ ६१ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेला. साधा पंप वापरणाऱ्यांचा ५९ टक्क्यांवरच राहिला. हा फरक दिवसाला अडीच तासांहून जास्त आहे, आणि त्यातला मोठा वाटा रात्रीचा आहे. हे समजण्यासारखं आहे. रात्री कुणी जेवत नाही, धावत नाही, त्यामुळे हळू चालणाऱ्या इन्सुलिनलाही शुगर गाठता येते. ज्या रात्रींमुळे आईवडिलांची झोप उडते, त्याच रात्री यंत्राला सोप्या जातात.

दिवस मात्र अजून माणसाकडेच आहे. म्हणून या प्रणालींना ‘हायब्रिड’ म्हणतात. जेवायच्या आधी काय आणि किती खाणार हे पंपाला सांगावं लागतं आणि त्यासाठी कर्बोदकं मोजता यायला हवीत. हे आपल्या ताटात सोपं नाही. वरण-भाताने शुगर लवकर चढते. तुपात माखलेल्या पुरणपोळीने ती उशिरा चढते आणि चढलेलीच राहते, कारण स्निग्ध पदार्थांमुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. पंक्तीत आग्रहाने वाढलेल्या एका पोळीचा हिशेब यंत्राला नंतर करता येतो, पण तोवर तासभर गेलेला असतो. बोस्टनमध्ये एड डामियानो यांनी आपल्या मधुमेही मुलासाठी सुरू केलेल्या कामातून घडलेला ‘आयलेट’ पंप २०२३ मध्ये मान्य झाला. त्याला सुरुवातीला फक्त वजन सांगायचं आणि जेवताना ‘नेहमीएवढं, जास्त की कमी’ एवढंच. ज्यांना आकडेमोड जमत नाही त्यांच्यासाठी मला ही दिशा योग्य वाटते, जरी तिच्यात थोडी अचूकता जाते.

दिलेलं इन्सुलिन परत घेता येत नाही, याला एक उत्तर म्हणजे दुसरा हार्मोन. स्वादुपिंडातल्या अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात, ते शुगर वर आणतं. नेदरलँड्समधले रॉबिन कूप्स, जे स्वतः टाइप १ मधुमेही आहेत, यांनी इन्सुलिन आणि ग्लुकागॉन दोन्ही देणारी इनरेडा ही प्रणाली बनवली आणि २०२० मध्ये तिला युरोपात मान्यता मिळाली. अडथळा ग्लुकागॉनच्या स्वभावात आहे. नेहमीचं ग्लुकागॉन पाण्यात विरघळवलं की थोड्याच काळात गुठळ्या धरतं, त्यामुळे ते सतत बदलत राहावं लागतं. द्रवरूपात टिकणारे त्याचे नवे प्रकार आले आहेत आणि माझी आशा तिथे आहे.

पंपाचा एक धोका प्रत्येक कुटुंबाला माहीत हवा. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, दिवसभर टिकणारं नसतं. नळी वाकली, कॅन्युला (नळीचं त्वचेखाली जाणारं टोक) निघाली किंवा उन्हाने इन्सुलिन खराब झालं, तर काही तासांत शरीरात इन्सुलिन उरत नाही आणि रक्तात कीटोन नावाची घातक आम्लं साचू लागतात. मळमळ, उलटी, पोटात दुखणं सुरू झालं आणि शुगर उतरत नसेल, तर पंपावर विसंबू नये. पेनने इन्सुलिन घ्यावं, कॅन्युला बदलावी, कीटोन तपासावेत आणि डॉक्टरांना फोन करावा. घरात इन्सुलिनचा पेन नसताना पंप लावू नये, हे माझं ठाम मत आहे.

आता पैशांचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये नाइस या संस्थेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये शिफारस केली की टाइप १ च्या सर्व मुलांना आणि गरज असलेल्या प्रौढांना ही प्रणाली सरकारी आरोग्यसेवेतून मिळावी. ती पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने पोहोचवायची आहे. आपल्याकडे असे पंप मिळतात, पण किंमत काही लाखांत आहे आणि सेन्सर, नळ्या, कॅन्युला यांचा खर्च दर महिन्याला वेगळा. बहुसंख्य कुटुंबांना तो पेलवणार नाही. आयसीएमआरने २०२२ मध्ये टाइप १ मधुमेहासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, हे चांगलं पाऊल होतं. पण क्रम स्पष्ट हवा. आधी प्रत्येक मुलाला इन्सुलिन, पेन, मोजण्याच्या पट्ट्या आणि शिकवणारी माणसं फुकट मिळाली पाहिजेत, मग सेन्सर, मग पंप. पट्ट्या परवडत नाहीत म्हणून दिवसातून एकदाच शुगर बघणाऱ्या मुलासमोर पंपाची जाहिरात करण्यात अर्थ नाही. सेन्सर स्वस्त होण्यासाठी मात्र आत्तापासून जोर लावायला हवा, कारण पंप नसतानाही नुसता सेन्सर पालकांना रात्री जागं करू शकतो.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या दंडावर सेन्सर किंवा कमरेला पंप असेल, तर त्याच्याजवळचा मोबाइल शाळेच्या नियमाखाली काढून घेऊ नका. अनेकदा सेन्सरचे आकडे त्याच फोनवर येतात आणि काही प्रणालींत पंपही त्यावरूनच चालवतात. तास चालू असताना त्याने बिस्कीट खाल्लं तर खाऊ द्या. शुगर उतरली आहे असं त्याने सांगितलं तर त्याला एकटं वर्गाबाहेर पाठवू नका, कुणीतरी सोबत द्या आणि आधी काहीतरी गोड द्या.